व्हिपल शस्त्रक्रिया: पचनमार्गाची नवी जोडणी समजून घ्या आणि क्रमाने सावरा

स्वादुपिंडाच्या मोठ्या शस्त्रक्रियेतून माणूस सुखरूप बाहेर येतो, टाके भरतात, घरी येतो, आणि तरी तीन महिन्यांत त्याचं वजन उतरतच जातं. घरचे समजूत घालून घेतात की आजारच तसा आहे. पुष्कळदा दोष आजाराचा नसतो. अन्न पचवायला दिलेली कॅप्सूल जेवण उरकल्यावर घेतली जात असते, स्निग्ध पदार्थ ताटातून हद्दपार झालेले असतात, पोट पुढे सरकत नसतानाही 'अजून दोन घास' चाललेलं असतं. हे सगळं टाळता येतं. त्यासाठी आत कुठे काय जोडलं आहे ते माहीत हवं, कारण पुढचे बहुतेक नियम त्या जोडणीतूनच निघतात.

लेख रुग्णासाठी आहे आणि त्याच्यासोबत राहणाऱ्या माणसासाठीही. इथले आकडे सर्वसाधारण आहेत. तुमच्या सर्जननी वेगळं सांगितलं असेल तर तेच पाळा, फक्त वेगळं का सांगितलं ते विचारून घ्या.

## टप्पा १: नेमकं काय काढणार, ते आधी लिहून घ्या

'स्वादुपिंडाचं ऑपरेशन' हे एका शस्त्रक्रियेचं नाव नाही. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाचा अनुभव आपल्याला लागू पडेलच असं नसतं, ते याचमुळे.

गाठ स्वादुपिंडाच्या डोक्याकडे असेल तर बहुधा व्हिपल करतात. यात स्वादुपिंडाचं डोकं, लहान आतड्याचा पहिला भाग म्हणजे ड्युओडेनम, पित्ताशय, पित्तनलिकेचा खालचा भाग आणि आसपासच्या लसिका ग्रंथी काढल्या जातात. मूळ पद्धतीत जठराचा खालचा भागही निघतो. जठराचं खालचं दार, म्हणजे पायलोरस, राखून ठेवणारी पद्धतही तितकीच रूढ आहे.

गाठ शेपटीकडे असेल तर शेपूट काढतात आणि बहुतेक वेळा त्यासोबत प्लीहाही. यात अन्नाचा मार्ग कापला जात नाही, त्यामुळे नवा जोड नसतो. उरलेल्या स्वादुपिंडाचं कापलेलं टोक बंद केलेलं असतं आणि तिथून गळती होऊ शकते.

संपूर्ण स्वादुपिंड काढलं तर स्वादुपिंडाचा जोडच उरत नाही, म्हणून त्या जोडातून गळतीचा प्रश्न नाही. त्या बदल्यात इन्सुलिन आणि पाचक कॅप्सूल आयुष्यभर लागतात. जुनाट दाहामुळे नलिका फुगली असेल, तिच्यात खडे असतील, तर काही वेळा नलिका लांबीत उघडून तिच्यावर आतड्याचा वळसा शिवतात.

पुढचा मजकूर मुख्यतः व्हिपलविषयी आहे. इतरांसाठी जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

पडताळणी. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी या प्रश्नांची उत्तरं हातात हवीत: काय काढणार? काय राखणार? किती जोड करणार? प्लीहा राहणार का? या केंद्रात अशा शस्त्रक्रिया नियमित होतात का? शेवटचा प्रश्न विचारायला लोक संकोचतात. तो जरूर विचारा. जिथे या शस्त्रक्रिया वरचेवर होतात तिथे मृत्यूचं प्रमाण कमी असतं, आणि गुंतागुंत झालीच तर ती वेळेत ओळखून सावरण्याची तयारीही तिथे जास्त असते.

## टप्पा २: तीन जोड आणि त्यांचा क्रम

व्हिपलमध्ये नको असलेला भाग काढल्यावर तीन तोंडं उघडी राहतात: उरलेल्या स्वादुपिंडाचं, पित्तनलिकेचं आणि जठराचं. सर्जन लहान आतड्याचा पुढचा भाग, जेजुनम, वर ओढून आणतात आणि ही तिन्ही तोंडं त्याला जोडतात.

क्रम सहसा असा असतो. आतड्याच्या बंद टोकाशी स्वादुपिंड. तिथून साधारण १० सेंटिमीटर पुढे पित्तनलिका. तिथून आणखी ४० ते ५० सेंटिमीटर पुढे जठर, किंवा पायलोरस राखला असेल तर त्याच्यासोबत राहिलेल्या ड्युओडेनमच्या छोट्या तुकड्याचं तोंड. म्हणजे पाचक रस आणि पित्त वरून वाहत येतात आणि अन्न खालच्या बाजूला आत शिरतं. नाजूक जोडांपासून अन्न लांब राहावं, हा या मांडणीचा फायदा.

तोटाही याच मांडणीत आहे. पूर्वी अन्न ड्युओडेनममध्ये पोचलं की त्याच क्षणी, त्याच जागी रस आणि पित्त त्याला भेटत. ड्युओडेनममधून निघणारे संदेश स्वादुपिंडाला 'आता रस सोड' असं सांगत. तो भागच गेल्यावर संदेश मंदावतो आणि रस व अन्न यांची वेळ चुकते. उरलेलं स्वादुपिंड थोडाफार रस बनवत असलं तरी पचन बिघडतं ते यामुळे. हे लक्षात ठेवलंत तर टप्पा ६ मधले कॅप्सूलचे नियम पाठ करावे लागणार नाहीत.

पहिला जोड सर्वांत अवघड. स्वादुपिंड मऊ, टाका धरून न ठेवणारं, आणि त्याचा रस ऊती पचवणारा. जोडण्याच्या पद्धती अनेक आहेत. स्वादुपिंडाची नलिका आतड्याच्या आतल्या अस्तराला बारीक टाक्यांनी थेट शिवतात, किंवा स्वादुपिंडाचं टोक आतड्यात खोचून भोवतीने शिवतात, किंवा ते आतड्याऐवजी जठराच्या मागच्या भिंतीला जोडतात. गळती पूर्ण थांबवणारी एकही पद्धत नाही. माझं मत विचाराल तर 'कोणती पद्धत सर्वांत चांगली' यावर रात्र घालवू नका; आपल्या सर्जनचा हात ज्या पद्धतीवर बसला आहे ती चांगली. गळतीचा धोका पद्धतीपेक्षा स्वादुपिंडाच्या पोतावर जास्त अवलंबून असतो. मऊ ग्रंथी आणि ३ मिलिमीटरपेक्षा बारीक नलिका असेल तर धोका वाढतो. जुनाट दाहाने घट्ट झालेलं स्वादुपिंड टाके चांगलं धरतं.

पित्तनलिकेचा जोड सहसा नीट बसतो. नलिका बारीक असेल तर तो पुढे कधीतरी आकसू शकतो. जठराचा जोड गळत क्वचितच. त्याची तक्रार निराळी: तो काही दिवस सुस्त राहतो.

लक्षात ठेवा. शस्त्रक्रियेनंतर सर्जनकडून जोडणीचं साधं रेखाचित्र मागून घ्या. नलिकेत बारीक स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी नळी, ठेवला आहे का, आणि तो आपोआप पडून जाणार की काढावा लागणार, हेही त्याच कागदावर लिहून घ्या.

## टप्पा ३: शस्त्रक्रियेपूर्वीचे आठवडे

हा काळ तपासण्यांच्या धावपळीत वाया जातो. खरं तर सावरण्याची सुरुवात इथूनच होते.

१. तंबाखू कोणत्याही रूपात बंद. धूम्रपान निदान ४ आठवडे आधी थांबायला हवं. तेवढा वेळ नसेल तर आजपासून थांबा. मद्यही पूर्ण बंद.

२. वजन उतरलं असेल तर आहारतज्ज्ञांना आत्ताच भेटा. शौच फिकट, तेलकट आणि तरंगणारं होत असेल तर पाचक कॅप्सूल शस्त्रक्रियेआधीच सुरू करता येतात. 'ऑपरेशननंतर बघू' म्हणत कित्येक जण अर्धपोटी अवस्थेत शस्त्रक्रियेला जातात.

३. कावीळ असेल तर 'आधी स्टेंट टाकून कावीळ उतरवा' असा आग्रह धरू नका. शस्त्रक्रिया लवकर होणार असेल तर सरसकट स्टेंट टाकत नाहीत, कारण त्याने पित्तात जंतू शिरतात आणि पुढे संसर्ग वाढतो. पित्तमार्गात संसर्ग असेल, बिलिरुबिन (कावीळ मोजणारा रक्तातला घटक) फारच वाढलं असेल किंवा आधी केमोथेरपी द्यायची असेल, तेव्हा स्टेंट योग्य ठरतो.

४. रोज चाला. श्वासाचे व्यायाम आणि स्पायरोमीटर, म्हणजे श्वास ओढून तीन चेंडू वर उचलायचं साधन, आत्ताच शिकून घ्या. पोटावर ताजे टाके असताना नवी गोष्ट शिकणं कठीण जातं.

५. रक्त पातळ करणारी औषधं, मधुमेहाच्या गोळ्या, वनौषधी आणि पूरक गोळ्या यांची पूर्ण यादी भूलतज्ज्ञांना द्या. स्वतःहून काहीही बंद करू नका.

६. प्लीहा काढणार असतील तर न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी या जंतूंविरुद्धच्या लशी शक्यतो २ आठवडे आधी घ्याव्यात. राहून गेल्या तर शस्त्रक्रियेनंतर साधारण २ आठवड्यांनी.

चूक होते ती इथे. आदल्या रात्रीपासून पाणीही बंद करणं. जठर नीट रिकामं होत असेल तर सहसा घन अन्न ६ तास आधीपर्यंत आणि पाण्यासारखे स्वच्छ द्रव २ तास आधीपर्यंत चालतात. गाठीमुळे जठराचा मार्ग अडला असेल किंवा उलट्या होत असतील तर हा नियम लागू नाही. आपली वेळ भूलतज्ज्ञांकडून लिहून घ्या.

## टप्पा ४: रुग्णालयातले पहिले दिवस

शुद्धीवर येताना अंगाला नळ्या असतात आणि नातेवाईक त्या पाहून घाबरतात. प्रत्येक नळी कशासाठी आहे ते परिचारिकेला विचारा. पोटातून बाहेर आलेल्या एक-दोन नळ्या म्हणजे ड्रेन. त्या जोडांजवळ साठणारा द्रव बाहेर आणतात. नाकातली नळी जठर रिकामं ठेवते आणि अनेक केंद्रांत ती लवकर काढतात. लघवीची नळीही एक-दोन दिवसांत निघते.

पहिल्या दिवसापासून खाटेवर उठून बसायचं, खुर्चीत बसायचं, आधार घेऊन उभं राहायचं. दुखतं म्हणून पडून राहाल तर छातीत कफ साठतो आणि पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. उपाय वेदनाशामक औषधात आहे. दुखणं असह्य होईपर्यंत थांबू नका, आधीच सांगा. खोकताना उशी पोटाशी घट्ट धरा.

ड्रेनवर मात्र सोबत राहणाऱ्याने डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं. सुरुवातीचा लालसर, पातळ द्रव हळूहळू पिवळसर होत जाणं हे चांगलं लक्षण. बिघाड रंगावरून कळतो:

- गढूळ, राखाडी किंवा तपकिरी: स्वादुपिंडाच्या जोडातून गळतीची शंका.
- हिरवा किंवा गडद सोनेरी: पित्ताची गळती.
- दुधासारखा पांढरा, विशेषतः खाणं सुरू केल्यावर: लसिका वाहिन्यांतून होणारी गळती. यात काही काळ नेहमीचे स्निग्ध पदार्थ खरोखरच बंद ठेवावे लागतात.
- ताजं लाल रक्त: तिथल्या तिथे परिचारिकेला बोलवा.

डॉक्टर ड्रेनमधल्या द्रवात अमायलेज, म्हणजे स्वादुपिंडाच्या रसातलं एक एन्झाइम, किती आहे ते तपासतात. तिसऱ्या दिवशी किंवा नंतर ते रक्तातल्या कमाल सामान्य पातळीच्या तिपटीहून जास्त असेल तर गळती आहे असं धरतात. पण नुसता आकडा वाढला, ताप नाही, उपचारात काही बदल करावा लागला नाही, तर तिला केवळ 'बायोकेमिकल लीक' म्हणतात आणि ती बहुधा आपोआप थांबते. ड्रेन जास्त दिवस ठेवावा लागला, द्रव काढायला सुई घालावी लागली, तर 'बी' श्रेणी. पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली किंवा अवयव निकामी होऊ लागले तर 'सी'. रिपोर्टवर 'लीक' वाचून हादरण्याआधी श्रेणी विचारा.

आकडा कमी असेल तर ड्रेन तिसऱ्या दिवसाच्या सुमारास काढतात. 'अजून राहू दे, सुरक्षित वाटतं' असं म्हणू नका. विनाकारण राहिलेला ड्रेन स्वतःच संसर्गाला वाट देतो.

इशारा. चार-पाच दिवस चांगले गेल्यावर, अगदी दोन-तीन आठवड्यांनीही, ड्रेनमधून, उलटीतून किंवा शौचातून थोडंसं रक्त आलं आणि थांबलं, तर ते 'थांबलं ना' म्हणून सोडून देऊ नका. गळलेल्या रसाने जवळच्या धमनीची भिंत कुरतडली की मोठ्या रक्तस्रावाच्या काही तास किंवा दिवस आधी असा छोटा स्राव होतो. त्या वेळेत सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्यांचा स्कॅन, करून धमनी आतून बंद करता आली तर जीव वाचतो. घरी असाल तर थेट आपत्कालीन विभाग गाठा. काळं, डांबरासारखं शौच म्हणजेही रक्तच. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळं होतं, पण त्याचा निवाडा घरी करायचा नाही.

## टप्पा ५: खाणं सुरू करताना

पाण्याचे घोट, मग पातळ द्रव, मग मऊ अन्न, मग नेहमीचं. पुष्कळ केंद्रांत आता पहिल्या-दुसऱ्या दिवसापासूनच तोंडाने थोडं थोडं देतात. किती लवकर, हे रुग्णाचं पोट ठरवतं.

इथे सर्वांत जास्त आढळणारी अडचण म्हणजे जठर उशिरा रिकामं होणं. दोन-चार घासांत पोट गच्च, मळमळ, उचकी, आणि मग एकदम मोठी उलटी, तिच्यात सकाळचं अन्न. नाकातली नळी तिसऱ्या दिवसानंतरही ठेवावी लागली किंवा पुन्हा घालावी लागली, तर डॉक्टर याला विलंबित जठर-रिक्तीकरण म्हणतात. १४ दिवसांपलीकडे गेलं तर ती गंभीर श्रेणी. घरच्यांना वाटतं जोड बिघडला. बहुधा तसं नसतं. जठर सुस्तावलेलं असतं आणि काही आठवड्यांत सुधारतं. मात्र पोटात आत गळती किंवा पू साठला असेल तरी जठर असंच रुसतं, म्हणून डॉक्टर स्कॅन सुचवतात तेव्हा टाळाटाळ नको.

तोवर नाकातून किंवा पोटावरून आतड्यात सोडलेल्या नळीने आहार देतात. नळीतून आहार देणं म्हणजे हार नव्हे. त्यामुळे जठराला वेळ मिळतो आणि शरीराला प्रथिनं.

खायला सुरुवात झाली की दिवसाचे तीन मोठे आहार मोडून सहा ते आठ छोटे करा. आधी प्रथिनं, मग बाकीचं. जेवताना पाणी कमी, मधल्या वेळात जास्त. जेवल्यावर अर्धा-एक तास आडवं होऊ नका. आणि सोबत राहणाऱ्यांना एक कळकळीची विनंती: आग्रह करू नका. पोट भरल्याची खूण मिळाल्यावर घातलेला घास उलटीतून परत येतो आणि सोबत आधीचं जेवणही नेतो.

पडताळणी. वाढीव घन अन्नाकडे जाण्याआधी पाहा: २४ तासांत उलटी नाही, वायू सरतो आहे, पोट ताणलेलं नाही.

## टप्पा ६: पाचक एन्झाइमच्या कॅप्सूल

सर्वांत जास्त चुका याच टप्प्यात होतात, म्हणून इथे घाई नको.

कॅप्सूलमध्ये बारीक दाणे असतात आणि प्रत्येक दाण्यावर आम्लापासून वाचवणारं आवरण असतं. ते आवरण आतड्यात विरघळतं आणि एन्झाइम तिथे अन्नात मिसळतात. म्हणजे कॅप्सूल आणि अन्न यांनी सोबत प्रवास केला तरच उपयोग. पाकिटावरचा आकडा, १०,००० किंवा २५,०००, हा लायपेज या चरबी पचवणाऱ्या एन्झाइमची एककं सांगतो.

क्रम असा ठेवा.

१. ताट समोर आल्यावर कॅप्सूल बाहेर काढा, आधी नाही.

२. पहिल्या घासाबरोबर पहिली कॅप्सूल, गार किंवा कोमट पाण्याने. एकाहून जास्त असतील तर उरलेल्या जेवणाच्या मध्ये. जेवण लांबलं तर त्या जेवणभर विभागून.

३. सुरुवातीचा डोस साधारणतः मुख्य जेवणाला ४०,००० ते ५०,००० एककं आणि मधल्या खाण्याला २०,००० ते २५,०००. पुढे शौच, वजन आणि ताटातली चरबी पाहून डोस वाढवतात.

४. दूध, दुधाचे पेय, पूरक आहाराचे पेय यांच्यासोबतही कॅप्सूल लागते; त्यांत चरबी आणि प्रथिनं असतात. निव्वळ पाणी, बिनदुधाचा चहा किंवा थोडंसं फळ यांना लागत नाही.

५. गिळता येत नसेल तर कॅप्सूल उघडून दाणे आंबटसर, गार, मऊ अन्नाच्या चमचाभर भागात मिसळा, न चावता लगेच गिळा आणि वर पाणी प्या. दाणे तोंडात राहिले तर तोंड सोलवटतं.

वारंवार दिसणाऱ्या चुका. चिठ्ठीवर 'दिवसातून तीनदा' लिहिलेलं असतं म्हणून सकाळ, दुपार, रात्र घड्याळ लावून कॅप्सूल घेतली जाते, आणि मधली चार खाणी कोरडी जातात. जेवणानंतर बाकीच्या गोळ्यांसोबत तीही घेतली जाते; तोवर अन्न पुढे निघालेलं असतं. गरम पेयासोबत घेतली तर दाण्यांवरचं आवरण बिघडतं. चावल्यानेही तेच होतं. डबी उन्हात, गाडीत किंवा शेगडीजवळ राहिली तर एन्झाइमचा जोर कमी होतो; ती २५ अंशांखाली ठेवतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे चरबीच बंद करणं. शौच तेलकट झालं की सल्ला मिळतो, 'हलकं खा'. रुग्ण मग उकडलेलं, कोरडं खातो, शौच सुधारतं आणि सगळे खूश होतात. आत मात्र उष्मांक आणि चरबीत विरघळणारी जीवनसत्त्वं दोन्ही घटतात, स्नायू झिजतात. तेलकट शौच म्हणजे कॅप्सूल कमी पडते आहे. डोस वाढवायला सांगा. अपवाद टप्पा ४ मधली दुधाळ गळती, किंवा डॉक्टरांनी कारण सांगून चरबी कमी केली असेल तर.

डोस वाढवूनही शौच सुधारत नसेल तर या क्रमाने पाहा: कॅप्सूल वेळेवर घेतली जाते का, मुदत संपलेली आहे का, आम्ल कमी करणारं औषध जोडावं का. ते सगळं ठीक असेल तर आतड्यात जंतूंची अतिवाढ किंवा पित्ताम्लामुळे होणारे जुलाब, ही कारणं डॉक्टर तपासतील. स्वतःहून जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या घेत राहू नका.

बहुतेक एन्झाइम डुकराच्या स्वादुपिंडापासून बनवतात. श्रद्धेमुळे कुणाला अडचण वाटत असेल तर ती मनात ठेवून गुपचूप औषध सोडण्यापेक्षा डॉक्टरांशी उघड बोला.

पडताळणी. दोन आठवडे रोज लिहा: काय खाल्लं, किती कॅप्सूल, शौचाचा रंग आणि ते पाण्याने सहज वाहून जातं का. आठवड्यातून एकदा त्याच वेळी वजन. ही वही पाहिली की आहारतज्ज्ञ डोस पटकन बसवतात.

## टप्पा ७: रक्तातली साखर

स्वादुपिंड जितकं कमी उरतं तितकं इन्सुलिन कमी. पण या मधुमेहाची गोम वेगळी आहे. साखर फार खाली गेली की ती वर आणणारा ग्लुकागॉनही स्वादुपिंडातच बनतो, तोही घटतो. संपूर्ण स्वादुपिंड काढलेल्यांत तो जवळपास नसतोच. त्यामुळे साखर चढते तशीच झपकन पडते.

जेवण्याची खात्री नसेल तर जेवणाचं इन्सुलिन आधी घेऊन मोकळे होऊ नका. मळमळणाऱ्या रुग्णात हे फार धोक्याचं आहे. उलटी होत असेल तेव्हा मात्र मूळ इन्सुलिन, म्हणजे जेवणाशी न जोडलेलं रोजचं, स्वतःहून पूर्ण बंदही करायचं नाही, फोन करून विचारायचं. कॅप्सूल नियमित घेतल्या नाहीत तर अन्न कधी शोषलं जातं, कधी नाही, आणि साखरेचा अंदाजच बसत नाही. उलट कॅप्सूल नीट सुरू झाल्या की साखर वाढलेली दिसू शकते. तेव्हा इन्सुलिनचा डोस बदलून घ्यायचा, कॅप्सूल सोडायची नाही.

साखर ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरखाली गेली, घाम, थरथर, गोंधळ झाला, तर शुद्धीत असताना १५ ग्रॅम ग्लुकोज तोंडाने द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, रुग्णवाहिका बोलवा.

## टप्पा ८: घरी जाण्याच्या दिवशी

हातात काय हवं: डिस्चार्ज समरी, शस्त्रक्रियेची नोंद, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट किंवा तो मिळण्याची तारीख, कॅप्सूलचा डोस जेवणनिहाय लिहिलेला, आम्लरोधक औषध किती दिवस, आणि रात्री फोन लागेल असा क्रमांक. कर्करोगासाठी शस्त्रक्रिया झाली असेल तर रक्ताच्या गुठळ्या टाळणारी इंजेक्शनं पुष्कळदा एकूण ४ आठवडे देतात. ती घरी कोण टोचणार, हे निघण्याआधी ठरवा.

ड्रेनसह घरी पाठवलं तर रोज एकाच वेळी मोजमाप आणि रंग लिहा. पिशवी नेहमी कमरेखाली. नळी निसटली तर स्वतः आत ढकलू नका, स्वच्छ कापसाची घडी ठेवून रुग्णालयात जा.

लगेच रुग्णालय गाठण्याची लक्षणं: थंडी वाजून ताप, कुठूनही रक्त, वाढत जाणारी पोटदुखी, पाणीही न टिकणं, डोळे पिवळे होणं, जखमेतून पू, एका पायाला सूज किंवा अचानक धाप.

## टप्पा ९: पहिले तीन महिने

थकवा दांडगा असतो आणि तो दिवसागणिक सरळ रेषेत कमी होत नाही. आज बरं, उद्या पुन्हा गळालेलं, असं चालतं. काही जण या काळात मनानेही खचतात. जेवण सुटलं, झोप उडाली, बोलणं कमी झालं, तर तीही डॉक्टरांना सांगण्याचीच गोष्ट आहे.

रोज दोन-तीनदा थोडं थोडं चाला आणि अंतर वाढवत न्या. जड वस्तू उचलणं ६ ते ८ आठवडे टाळा. पोटाच्या भिंतीत हर्निया होण्याची भीती असते.

खाल्ल्यावर तासाभराच्या आत धडधड, घाम, पोटात कळ आणि जुलाब झाले, किंवा एक ते तीन तासांनी गळून गेल्यासारखं वाटलं, तर अन्न, विशेषतः गोड, आतड्यात फार वेगाने उतरतं आहे. गोड पेयं सोडा, प्रथिनं आणि तंतुमय पदार्थ वाढवा, द्रव आणि घन वेगवेगळ्या वेळी घ्या. उशिराच्या त्रासात रक्तातली साखर मोजून पाहा.

केमोथेरपी लागणार असेल तर साधारणपणे ती १२ आठवड्यांच्या आत सुरू करण्याचा प्रयत्न असतो. घाईघाईने अशक्त शरीराने सुरू करून मधेच सोडण्यापेक्षा, थोडं सावरून पूर्ण घेता येणं मोलाचं. वजन राखण्याचा खटाटोप चालतो तो यासाठीही.

## टप्पा १०: पुढची वर्षं

जीवनसत्त्वं ए, डी, ई, के आणि बी-१२, लोह, जस्त, मॅग्नेशियम यांची तपासणी ठरावीक अंतराने करून घ्या. हाडांची घनताही अधूनमधून पाहावी लागते. मधुमेह नसला तरी साखर तपासत राहा. तो काही वर्षांनीही डोकं वर काढतो.

जठर आणि आतड्याच्या जोडावर व्रण होऊ शकतो. धूम्रपान आणि आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या त्याला निमंत्रण देतात. डोकेदुखीसाठीही गोळी विचारूनच घ्या.

महिन्या-वर्षांनी पुन्हा थंडी-ताप, गडद लघवी आणि पिवळे डोळे दिसले तर पित्तनलिकेचा जोड आकसला असण्याची शक्यता असते. नव्या रुग्णालयात गेलात तर व्हिपल झाल्याचं पहिल्याच वाक्यात सांगा आणि जोडणीचं रेखाचित्र दाखवा. ड्युओडेनम नसल्यामुळे तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेपर्यंत नेहमीच्या वाटेने पोचता येत नाही. वेगळी दुर्बीण लागते, किंवा त्वचेवरून यकृतातून मार्ग काढावा लागतो, आणि हे डॉक्टरांना आधी कळलेलं बरं.

प्लीहा काढलेल्यांनी तशी नोंद असलेलं कार्ड खिशात ठेवावं, लशींचे पुढचे डोस चुकवू नयेत, आणि ताप आला तर सकाळची वाट न पाहता त्याच तासात रुग्णालयात जावं. डॉक्टरांनी घरी ठेवायला अँटिबायोटिक दिलं असेल तर पहिला डोस घेऊनच बाहेर पडावं.